गच्चीवरची क्रियापदं

निपाणी,
ता. १२ नोव्हेंबर १९३५

चि. सौ. पद्मावतीस बाबगोंडा मामाचे अनेक आशीर्वाद. जय जिनेंद्र.

आधी एकेकाची तब्येत विचारतो, मग बाकीचं. बोटीवर तुला सारखं उमळत होतं, ते थांबलं का? तुझा डावा कान कसा आहे? समुद्राचा वारा कानात शिरू देऊ नकोस, पदर घट्ट घेत जा. जावईबापूंचं पोट तिथल्या पाण्याला रुळलं का? लग्नात त्यांच्या पाठीत उसण भरली होती, ती गेली असेलच. इकडं तुझ्या मामीचे गुडघे. ती म्हणते, "गुडघं हैत एवढंच लिवा, पोरीच्या जिवाला घोर नगं." शेजारच्या प्रेमलाचा खोकला गेला आणि तिच्या धाकट्याला लागला. म्हैस व्याली, ती खुशाल. मी वखारीत तंबाखूची पानं हुंगून हुंगून शिंकतो, म्हणजे जिवंत आहे.

तुमचं ते स्पेनचं टेनेरीफ बेट मी नकाशात शोधलं. माशी बसावी एवढं आहे. सिंधी पेढीनं आपल्या जावयाला, चिकोडीच्या तवनाप्पांना, एवढ्या लांबच्या दुकानाचा कारभार दिला, ही केवढी अभिमानाची गोष्ट! पण मामी रोज विचारते, "पोरगी तिथं बोलत्या कुणासंगं?" तुला आईविना वाढवलं ते तुझी बडबड ऐकत. तू गप्प बसलीस की आम्ही समजायचो, ताप आलाय.

म्हणून वखारीच्या कामाला बेळगावला गेलतो तेव्हा कॅम्पात जुन्या पुस्तकांच्या ढिगापाशी बैठक मारली. सोल्जरांनी टाकून दिलेली पुस्तकं. त्यात इंग्रजीतून स्पॅनिश शिकवणारं एक सापडलं. माझं इंग्रजी खोक्यांवरची अक्षरं वाचून झालेलं आणि मराठी व्याकरण पोत्यावर बसून. तेवढ्यावर तुला तिसरी भाषा शिकवायला निघालोय. हसू नकोस.

धडा पहिला. तंबाखूच्या पानाला मधे शीर असते, ती धरून आपण पान सोलतो. क्रियापदाचंही तसंच. शीर म्हणजे धातू. तिच्या कडेचं पान म्हणजे प्रत्यय. कोण करतो, कधी करतो यावर पान बदलतं, शीर तीच राहते. स्पॅनिश क्रियापदांची तीन घराणी: कुणाच्या शेवटी 'आर', कुणाच्या 'एर', कुणाच्या 'ईर'. हाब्लार म्हणजे बोलणे, कोमेर म्हणजे जेवणे, सुबीर म्हणजे वर चढणे. खाली उतरणे याला पुस्तकात 'बाजार' दिलंय. मामी म्हणाली, बरोबरच की, बाजार करायचा तर खाली उतरायलाच लागतं.

लोक खरंच असं बोलतात, का मला कॅम्पात कुणी उल्लू बनवलं, ते तेवढं कळव.

तुझा,
बाबगोंडा मामा

*

सांताक्रूझ, टेनेरीफ,
ता. ४ जानेवारी १९३६

तीर्थस्वरूप मामांस आणि मामीस पद्मावतीचा साष्टांग नमस्कार.

पत्र पोचलं. माझा कान बरा आहे. त्यांचं पोटही बरं आहे. मामीच्या गुडघ्यांना एरंडेल चोळता ना? मी नाही तर कोण चोळतं?

आमचं सगळं छान आहे. घर दुकानाच्या माडीवर आहे. दोन खोल्या आणि वर सपाट गच्ची. जिना दुकानातच उतरतो आणि दुकानात दिवसभर बोटींवरचे खलाशी, त्यामुळं दुकानाच्या वेळात मी खाली जात नाही. वर चालताना पावलांचा आवाजही करत नाही. दुकान बंद झाल्यावर खाली जायचं कारणच उरत नाही. सामान परसराम नावाचा सिंधी कारकून जिन्याच्या वरच्या पायरीवर आणून ठेवतो. म्हणजे सगळं आयतंच आहे बघा.

इथं लोक तिन्ही त्रिकाळ बटाटे खातात. आपल्याला कंदमूळ चालत नाही, म्हणून मी डाळभातच करते. सूर्य मावळायच्या आत जेवायचं, म्हणून गच्चीवर जाऊन बघत बसते. तो डोंगराआड जातो तेवढ्यात माझा घास संपतो. ते आठाला दुकान बंद करून येतात, मग त्यांना वाढते.

शेजारच्या गच्चीवर एक बाई असते. मधे कमरेएवढी भिंत आहे. ती दिवसभर चुरुट वळते. वळता वळता ती जे बोलते त्यात तुमची तिन्ही घराणी ऐकू येतात. फक्त 'हाब्लार' नाही, 'आब्लार'. आणि 'बाजार' नव्हे मामा, 'बाहार'. पुस्तकवाल्यानं फसवलेलं नाही. तुमच्या जिभेनं फसवलं.

ते म्हणतात, तुला ही भाषा कशाला, तीन वर्षांनी परतच जायचंय. पण धडे पाठवा. त्यांनी हे पत्र वाचलं, त्यांचाही नमस्कार.

आपली,
पद्मावती

*

निपाणी,
ता. १६ फेब्रुवारी १९३६

चि. सौ. पद्मावतीस आशीर्वाद.

तुझं पत्र मामीनं चारदा वाचून घेतलं. सामान पायरीवर येतं हे ऐकून ती म्हणाली, "राणीचा थाट हाय की! आन् हितं मी डोक्यावर बाजार आणत्या." मीही आधी खूश झालो. मग पत्र घेऊन वखारीत बसलो. वरवर चकचकीत दिसणारं पान आतून ओलं आहे का, हे बोटाला कळतं. तसं काहीतरी बोटाला लागलं.

तर धडा दुसरा, पुरुष आणि वचन. बोलणारा तो प्रथम पुरुष, ज्याच्याशी बोलतो तो द्वितीय, आणि ज्याच्याविषयी बोलतो तो तृतीय. एकटा तर एकवचन, पुष्कळ तर अनेकवचन. तुझ्या पत्रात 'मी' आहे. 'ते' आहेत. 'आमचं' एकदाच आलं, 'आमचं सगळं छान आहे' तिथं. पण द्वितीय पुरुष, पोरी, सगळा माझ्याच वाट्याला आलाय. तिथं कुणाशी बोललीस त्याची एक ओळ नाही.

आपल्यासारखंच त्यांच्यातही 'तू' आणि 'तुम्ही' वेगळं आहे. जवळच्याला 'तू', परक्याला 'उस्तेद'. तिथं तू कुणाला 'तू' म्हणतेस आणि कुणाला 'उस्तेद', ते लिही.

आणखी एक गंमत. आपल्या 'असणे'ला त्यांच्यात दोन क्रियापदं. माणूस मुळात कोण आहे ते सांगायला एक, आत्ता कुठं आहे, कसा आहे ते सांगायला दुसरं. 'सोय' म्हणजे मी आहे, जन्माची. 'एस्तोय' म्हणजे मी आहे, आत्तापुरती. मला हे फार आवडलं. आपण एकच शब्द वापरतो आणि आत्तापुरतं जे आहे त्यालाच जन्माचं समजून बसतो.

दोन्ही वापरून एकेक वाक्य कर आणि पाठव. खरं वाक्य कर, पुस्तकातलं नको.

तुझा,
मामा

*

सांताक्रूझ,
ता. २ एप्रिल १९३६

तीर्थस्वरूप मामांस साष्टांग नमस्कार.

हे पत्र शेजारीण कांदेलारिया पोस्टात टाकणार आहे. ते वाचणार नाहीत, म्हणून आज लांब लिहिते.

तुमची दोन वाक्यं. सोय पद्मावती. एस्तोय एन्सेर्रादा. दुसऱ्याचा अर्थ, मी कोंडलेली आहे. तो शब्द मला कांदेलारियानं दिला. मी विचारला नव्हता.

मामा, इथं आल्यापासून मी रस्त्यावर पाऊल ठेवलेलं नाही. ते मारत नाहीत, ओरडत नाहीत. मामीला तसं सांगा, नाहीतर ती रडेल. ते घाबरतात. बंदरावरची माणसं वाईट, तुला भाषा येत नाही, काही झालं तर मी तुझ्या मामांना काय सांगू, असं म्हणतात. मग मी भाषा शिकते म्हटलं, तर म्हणतात, शिकून जाणार कुठं? तुम्ही विचारलंत, 'तू' कुणाला म्हणतेस. मामा, त्याला समोर माणूस लागतं. मी महिनाभर गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीला 'तू' म्हणून बघितलं.

शेवटी कांदेलारियाच बोलली. तिचं बोलणं आपल्या भाषेत लिहिते, तिला आपल्याच गावची केली आहे. ती पानाला चाकू लावता लावता म्हणाली, "काय गं, मुकी हैस व्हय?"

मी म्हटलं, "नाही. आब्लो." म्हणजे बोलते.

"मग इतके दिस काय तोंडात गूळ धरलीतीस?"

मी नवऱ्याबद्दल सांगायला गेले. त्यांना 'तो' कसं म्हणू? म्हणून सगळं अनेकवचनी केलं. ते खाली असतात, ते आठाला येतात, ते जेवतात.

तिचा चाकू थांबला. "येत्यात? जेवत्यात? कितीजण हैत गं?"

"एकच."

"एकच, आन् जेवत्यात? खरं सांग, दोघं-तिघं दडवून ठेवल्यालं न्हाईत न्हवं?" मग ती इतकी हसली की वळलेला चुरुट उलगडला. मीही हसले. पण 'तो' मात्र अजून म्हणवत नाही.

रोज संध्याकाळी भिंतीशी बोलतो. तिनं पान पुढं केलं की मी हुंगून सांगते, हे ओलं बांधलंय, हे उन्हात जास्त राहिलंय. वखारीच्या अंगणात खेळत वाढले त्याचा इथं उपयोग झाला. ती म्हणते, भिंत ओलांडून इकडं ये, सुटी पानं निवडू. पण त्यांनी भिंत ओलांडू नको म्हणून सांगितलंय. आणि तिच्या घरी मासे तळतात. त्या घरचं पाणी कसं प्यायचं? मी अलीकडेच उभी राहते.

उत्तर कांदेलारियाच्याच पत्त्यावर पाठवा, वाट बघते.

आपली,
पद्मावती

*

निपाणी,
ता. २० मे १९३६

चि. सौ. पद्मावतीस आशीर्वाद.

मामीला सगळं वाचून दाखवलं. दोन वाक्यं सोडून. मग तिनंच विचारलं, "मधी का थांबलासा?" तेव्हा तीही वाचली. ती चुलीपुढून उठून अंगणात गेली, म्हशीला वैरण टाकली आणि बऱ्याच वेळानं आत आली. म्हणाली, "तिला लिवा, पानी गाळून पे म्हनावं. पन पे." त्यातलं किती पाण्याबद्दल होतं, ते तू ओळख.

जावईबापूंना मी वेगळं पत्र घातलंय. रागावलो नाही. पोरीला आठवड्यातून एकदा समुद्र दाखवत जा, एवढंच लिहिलं. तेही याच टपालानं येईल.

धडा तिसरा, भूतकाळ. त्यांच्यात दोन आहेत. एक झालं-संपलं त्याचा. दुसरा पूर्वी सारखं घडत असे त्याचा, आपल्या रीतिभूतासारखा: येई, जाई, बसे. तू दारात बसस, मी घरी येई, तू वखारीची बातमी विचारीस. बघ, लिहितानाच मन भरून येतं. हा काळ सांभाळून वापर.

धडा चौथा, आज्ञार्थ. समोरच्याला कर म्हणून सांगायचं रूप. 'तू'ला सांगताना ते सगळ्यांत आखूड असतं. उघड: आब्रे. खा: कोमे. वर ये: सुबे. धक्का दिल्यासारखं.

पाचवा धडा मात्र नाही. पुस्तकाची मागची पानं आज वेगळी करायला गेलो, तर आत वाळवी. सगळा भविष्यकाळ खाल्लाय. पुढं काय होणार ते या पुस्तकातून मी तुला सांगू शकत नाही, पोरी. तुझ्या शेजारणीला विचार.

पत्राला उशीर करू नकोस.

मामा

*

निपाणी,
ता. १० सप्टेंबर १९३६

चि. सौ. पद्मावतीस मामाचे आशीर्वाद.

मे महिन्यानंतर तुझं अक्षर नाही. स्पेनात आपसात लढाई पेटली असं वर्तमानपत्रात येतं. तुमच्या बेटाचं नाव दोन ओळींत येतं आणि नाहीसं होतं. तू कशी आहेस? शेजारीण कशी आहे? परसराम सामान आणतो ना? मामीचे गुडघे विचारू नकोस, तिनं त्यांच्याकडं बघायचं सोडलंय.

काल जावईबापूंचं पत्र जिब्राल्टरहून आलं. ते सुखरूप आहेत. जुलैत पेढीच्या कामाला आफ्रिकेच्या किनाऱ्यावर तेतुआनला गेले होते, तेवढ्यात लढाई सुरू झाली. पुढं निसटून जिब्राल्टरला पोचले. परतायला बोट नाही. तुझ्या काळजीनं त्यांचं अक्षरसुद्धा वाकडं झालंय, ते मी तुला लिहिलं पाहिजे.

आणि त्यांनी तुला एक निरोप द्यायला सांगितलंय, तोही लिहिलाच पाहिजे. 'मी येईपर्यंत माडीवरच राहा. कुठंही जाऊ नको.'

निरोप पोचवणं माझं काम, ते केलं. आज्ञार्थ तुला मीच शिकवलाय. पण तो पाळलाच पाहिजे, असं पुस्तकात कुठं लिहिलेलं नव्हतं. वाळवी तिथपर्यंत गेलेली नव्हती, मी नीट बघितलंय.

दोन ओळी तरी लिही.

मामा

*

सांताक्रूझ,
ता. ३० सप्टेंबर १९३६

तीर्थस्वरूप मामांस आणि मामीस साष्टांग नमस्कार.

केळी नेणाऱ्या एका इंग्रजी बोटीचा खलाशी हे पत्र नेतोय. पोचेल का ते माहीत नाही. मी जिवंत आहे. ते कुठं आहेत हे मला माहीत नाही. तुम्हाला कळलं असेल तर आधी तेवढं लिहा.

ते जुलैच्या सुरुवातीला तेतुआनला गेले. पंधरा दिवसांत येतो म्हणाले. परसराम रोज सकाळी दुकान उघडी, संध्याकाळी बाहेरून कुलूप लावून घरी जाई. एके दिवशी दुपारीच रस्त्यावर शिपाई आले. दुकानं बंद करा म्हणून ओरडा झाला. परसरामनं लोखंडी पडदा ओढला, कुलूप लावलं आणि परत आलाच नाही. मागाहून कळलं, मिळाली त्या बोटीनं तो निघून गेला.

मी जिना उतरून दुकानात गेले. मामा, त्या दुकानात मी पहिल्यांदाच उभी होते. पंखे, शाली, हस्तिदंती हत्ती, सगळं आपल्या देशाचं आणि मधे मी. पडद्याला आतून कडी नाही. हाक मारावी तर तोंडातून आवाज निघेना. दुकानात आवाज करायचा नाही, ही सवय अंगात इतकी मुरली होती.

वर डाळतांदूळ होते. पाणी नव्हतं. टाकी रस्त्यावरच्या नळानं भरे, ती परसराम भरवी. मडक्यात तळाशी उरलं तेवढ्यावर दिवस काढला. मग गच्चीवर गेले. कांदेलारिया बाहेरच होती. तिच्या भावाला शिपायांनी नेलं होतं. तिचे डोळे सुजले होते. माझ्याकडं बघून तिनं एकच शब्द म्हटला.

"साल्ता!"

साल्तार म्हणजे उडी मारणे. साल्ता. 'आर' घराणं, आज्ञार्थ, द्वितीय पुरुष, एकवचन. खरंच मामा, भिंतीपाशी मी हेच मनात म्हणत होते. म्हणून संपल्यावर पाय वर घेतला.

तिच्या घरात पाऊल टाकलं तर टपटप आवाज. कोपऱ्यात लाकडी चौकटीत एक दगडी परात बसवलेली, सच्छिद्र दगडाची. वरून पाणी ओततात, ते दगडातून गळून खालच्या मडक्यात थेंबथेंब पडतं. बाजूला नेच्याची हिरवी पानं. इथं घरोघरी असंच पाणी गाळतात. मी विचारलं, "न गाळलेलं पीत नाही का?" ती म्हणाली, "शी! आमी काय जनावरं हाय?" मामा, त्या दगडापुढं मी खाली बसले आणि रडले. वर्षभर एका भिंतीपलीकडं आपल्यासारखं गाळलेलं पाणी होतं. मीच विचारलं नव्हतं. तरी पहिला पेला मी वर पदर धरून, गाळूनच प्याले. भाजलेल्या धान्याचं पीठ करतात, आपल्या सातूसारखं, ते तिनं मळून दिलं. तिच्याकडं माझं वेगळं मडकं आहे आणि सूर्य मावळायच्या आत ती स्वतः ओरडते, "कोमे!"

आता मुख्य गोष्ट. सगळ्या परक्यांनी सरकारी कचेरीत जाऊन आपण कोण ते सांगायचं, असा हुकूम निघाला. ज्यांचं कुणी नाही त्यांना एका कोठारात नेऊन ठेवत होते. माझ्याकडं त्यांचं एकच कागदपत्र होतं, दुकानाच्या परवान्याचं. तेच दाखवायचं, तोंडानं काही सांगावं लागणार नाही, अशा भरवशावर गेले. कांदेलारिया बरोबर होती.

अधिकाऱ्यानं कागद घेतला, वाचला आणि पालथा ठेवला. म्हणाला, "हा कुणाचाही असू शकतो. तुमच्या नवऱ्याचं नाव सांगा."

मी पालथ्या कागदाकडं बघत राहिले.

कांदेलारियानं कोपर मारलं. "सांग की गं. ठावं न्हाय व्हय?"

"ठाऊक आहे. म्हणूनच सांगता येत नाही."

"आँ?"

अधिकारी म्हणाला, "नवऱ्याचं नाव जिला सांगता येत नाही, ती बायको नव्हे." त्यानं दारातल्या शिपायाकडं बघितलं. शिपाई पुढं आला.

मामा, तेव्हा मला चिकोडीचा उंबरा दिसला. लग्नाच्या दिवशी सगळ्या जणी आडव्या उभ्या होत्या. नाव घे, मगच आत सोडतो. तिथं आत जायला नाव घ्यावं लागलं. इथं बाहेर पडायला. म्हणजे रीत तीच होती, फक्त दार उलटं. मी पदर डोक्यावर घेतला, खाली बघितलं आणि घेतलं:

"एन एल मापा देल मार नो आय पुएर्ता नि तापा,
सोय ला मुहेर दे तवनाप्पा."

म्हणजे, समुद्राच्या नकाशाला दार नाही, झाकण नाही, मी तवनाप्पांची बायको आहे. 'सोय' म्हटलं मामा. 'एस्तोय' नाही.

टंकलेखन करणारा थांबला होता. अधिकाऱ्यानं कागद सुलटा केला, नाव बघितलं आणि म्हणाला, "पुन्हा म्हणा." मी पुन्हा म्हटलं. कांदेलारिया रडत टाळ्या वाजवत होती. त्यानं माझ्या नावाचा दाखला केला, शिक्का मारला आणि म्हणाला, "आता तुम्ही त्यांची बायको आहात यात शंका नाही. त्यामुळं नवऱ्याच्या लेखी परवानगीशिवाय तुम्हाला हे बेट सोडता येणार नाही. इथला कायदा तसा आहे."

असं झालं. नाव घेतलं म्हणून कोठारातून सुटले, आणि नाव घेतलं म्हणूनच बेटावर अडकले. इंग्रजी बोटी अधूनमधून येतात, परक्यांना घेऊन जातात. मी कांदेलारियाच्या गच्चीवरून त्या जाताना बघते. माझ्या दाखल्यावर दिवसा रस्त्यानं फिरता येतं. बंदरापर्यंत जाते आणि परत येते. तेवढीच दोरी आहे.

वाळवीनं खाल्लेला भविष्यकाळ मात्र मिळाला. तो इतका सोपा आहे की तुम्ही हसाल. त्यात शीर सोलायची नाही. अख्खं क्रियापद तसंच ठेवायचं आणि शेवटाला प्रत्यय जोडायचा. तिन्ही घराण्यांना प्रत्यय एकच. परत येणे, वोल्वेर. मी परत येईन, वोल्वेरे. तू परत येशील, वोल्वेरास. कांदेलारिया भावासाठी रोज तृतीय पुरुष म्हणते, वोल्वेरा. मी ऐकते आणि तिच्याबरोबर म्हणते.

ते कुठं आहेत ते कळवा.

आपली,
पद्मावती

*

निपाणी,
ता. २५ नोव्हेंबर १९३६

चि. सौ. पद्मावतीस मामाचे आणि मामीचे अनेक अनेक आशीर्वाद.

ते जिब्राल्टरला आहेत, सुखरूप आहेत. हे मी सप्टेंबरात लिहिलं होतं, ते पत्र तुला मिळालं नसेल. मिळालं असेल तर त्यातला निरोप आता जुना झाला. कसा, ते सांगतो.

तुझं पत्र पाकीट उघडून पुन्हा चिकटवलेल्या अवस्थेत आलं. ज्यानं उघडलं त्याला मराठी येत नसावी, नाहीतर त्यानं परत चिकटवलं नसतं, ठेवून घेतलं असतं. मी वाचलं, आणि तसाच उठून मामीला घेऊन चिकोडीला गेलो. गाडीत मामी म्हणाली, "विहीणबाई काय म्हनतील? सून भिंत वलांडून गेली म्हनून तोंड सोडतील." मी म्हटलं, सोडू दे.

तुझ्या सासूबाई, अंबुबाई, सोप्यात बसल्या होत्या. मी पत्र वाचायला लागलो. दुकानाला कुलूप, ऐकलं. भिंत, ऐकली, पण कपाळाला आठी. मासे तळणाऱ्या घरात गेली म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "पुरं करा आता, भावजी." मामीनं त्यांचा हात धरला. "आक्का, थोडं ऱ्हायलंय. आयका."

मग कचेरी आली. नाव आलं. मी तुझा उखाणा स्पॅनिशमध्ये वाचला, माझ्या निपाणीच्या जिभेनं, मग अर्थ सांगितला. अंबुबाईंनी कानडीत विचारलं, "हेसरु हेळिदळा?" नाव घेतलं तिनं? शिपायांच्या पुढं?

"व्हय," मामी म्हणाली. "पदर घिऊन."

"नन्न मगन हेसरु," एवढंच म्हणाल्या. माझ्या लेकाचं नाव. मग म्हणाल्या, "लिवा. मी सांगत्या तसंच लिवा." आणि मी जावईबापूंना तार लिहिली, इंग्रजीत, पण शब्द त्यांचे: 'पद्मावतीला सोड. परवानगी आजच धाड. आईचा हुकूम.' सगळी आज्ञार्थी रूपं, पोरी, दोन्हीच्या दोन्ही. मला त्यात व्याकरणाची एकही चूक काढता आली नाही. निपाणीला येऊन तारेच्या कचेरीत दिली, शेवटी माझी एक ओळ जोडून: तिनं सरकारी कचेरीत कविता म्हणून तुमचं नाव घेतलं.

जावईबापूंचं उत्तर काल आलं. 'परवानगी बेटावर धाडली. तिनं काय कविता म्हटली ती कळवा.'

ते घेऊन मी परत चिकोडीला गेलो. म्हटलं, कळवू का? अंबुबाई म्हणाल्या, "न्हाय. तिची हाय ती. ती येईल आन् त्याच्या तोंडापुढं म्हनंल. न्हायतर न्हाय म्हननार. तिची मर्जी." मी तुझ्या सासूला एवढी वर्षं ओळखतो, म्हणजे ओळखत नव्हतो.

मामीनं कांदेलारियासाठी सांडगे आणि मेतकूट बांधून ठेवलंय. कसं पाठवायचं ते मला विचारते. तिच्या भावाचं काही कळलं का? त्याच्यासाठी आम्ही इथं बस्तीत, आपल्या देवळात, पूजा सांगितली. पुजाऱ्यानं नाव विचारलं, ते आम्हाला माहीत नाही. मी सांगितलं, कांदेलारियाचा भाऊ, टेनेरीफचा. त्यानं तेवढ्यावर केली.

तर हे पत्र तुला मिळायच्या आधीच परवानगी कचेरीत पोचलेली असेल. जाऊन विचार. बोट कधी मिळेल, ते मला माहीत नाही, तुलाही नाही. लढाई चालूच आहे. मी तुला खोटा धीर देत नाही. पण आज सकाळी वखारीत पानांच्या राशीपुढं उभा राहून मोठ्यानं म्हटलं, "वोल्वेरास." हमाल विचारतो, "काय म्हनला मालक?" मी म्हटलं, भविष्यकाळ, द्वितीय पुरुष, एकवचन. तो म्हणाला, "बरं बरं," आणि पोतं उचललं.

बोटीचं नाव कळलं की त्याच दिवशी लिही. ठरली नाही तरी लिही. एकाच ओळीचं असलं तरी चालेल, पण लवकर. इकडं दोन म्हाताऱ्या बायका आणि एक शिंकणारा म्हातारा टपालवाल्याच्या वाटेवर बसलेत.

तुझा,
बाबगोंडा मामा